आपल्या मालाची जाहिरात आणि ग्रुपाची शिस्त

गेल्या उन्हाळ्यांत मला एका ग्रुपांतून काढून टाकण्यांत आलें. ही गोष्ट शेतकीच्या मासिकांत सांगण्याजोगी आहे किंवा कसें, याविषयीं मीं बरेच दिवस विचार केला. परंतु ज्या कारणास्तव मला काढलें, तें कारण आज आपल्यापैकीं पुष्कळांच्या हातून नित्य घडत आहे, आणि त्यापायीं झालेलें माझें नुकसान चांगलें मोजण्याजोगें होतें. म्हणून संकोच सोडून लिहीत आहें.

अंकुशनगर हें नांव बहुतेक वाचकांस समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळें ठाऊक असेल. अंबड तालुक्याच्या या बाजूस जायकवाडीच्या डाव्या कालव्याचें पाणी फिरतें. ऊस, मोसंबी, कापूस व सोयाबीन हीं इकडील मुख्य पिकें होत. यांपैकीं उसाचा लावणाराच्या स्वभावावर मोठा विलक्षण परिणाम होतो. लागणीची नोंद कारखान्याकडे केली, पाळीप्रमाणें तोड आली, गाडी काट्यावर चढली, कीं शेतकऱ्याचें विक्रीचें काम संपलें. तोड उशिरां आली म्हणून आपण भांडतों, बिलाचा हप्ता लांबला म्हणून भांडतों. परंतु "माझा ऊस घ्या हो" असें कोणास म्हणावें लागत नाहीं. मोसंबीची बाग व्यापारी झाडावरच उक्ती घेतो, किंवा माल पाचोडच्या बाजारांत नेऊन टाकावा, तेथें टनाचा भाव होतो. याप्रमाणें आम्हीं आजवर माल पिकविला, परंतु विकला असा नाहीं. तो आमच्याकडून कोणीतरी नेला. अशा मनुष्याच्या हातीं एकाएकीं मोबाइल आला आणि एका बोटासरशीं हजार माणसांस आपला माल सांगतां येतो असें त्यास कळलें, म्हणजे तो काय करील? भर कीर्तनांत मंडपाच्या मधोमध पाल ठोकून, तागडी घेऊन बसावें, तसें तो करतो. मीं तेंच केलें.

तो ग्रुप आमच्या चारीवरील व शेजारच्या दोनतीन गांवांतील शेतकऱ्यांचा आहे. चालविणारे एक निवृत्त शिक्षक. सर्व त्यांस गुरुजी म्हणतात. ग्रुपाच्या माथ्यावरच नियम लिहिलेला आहे कीं, येथें पीक, पाणी व हवामान यांविषयीं विचारावें व सांगावें. खरेदीविक्रीचा मजकूर टाकूं नये. हा नियम मीं वाचलेला होता. वैशाखाच्या अखेरीस माझ्याजवळ राखून ठेवलेलें अठरा क्विंटल सोयाबीन होतें. पेरणीस लागणारा शेतकरी या दिवसांत बियाण्याच्या शोधांत असतो, हें जाणून मीं पहांटे उठून एकच मजकूर दहा ग्रुपांत टाकला : "खात्रीचें बियाणें. शंभर टक्के उगवण. माल थोडा शिल्लक. त्वरा करा." उगवण मीं तपासलेली नव्हती, आणि माल कांहीं थोडाही नव्हता.

गुरुजींच्या ग्रुपांत असें उघड लिहिण्याचें धैर्य झालें नाहीं, म्हणून तेथें एक युक्ति केली. माझ्या भाच्यानें विचारावें कीं, "चांगलें सोयाबीन कोणाजवळ आहे काय?" आणि मीं उत्तर द्यावें कीं, "अमुक नंबरावर चौकशी करावी. गेल्या वर्षीं अनेकांनीं नेलें, उत्तम उगवलें असें ऐकतों." नंबर माझ्याच घरांतील दुसऱ्या फोनचा होता. दहा मिनिटांत एका गृहस्थानें तोच नंबर दुसऱ्या ग्रुपांतील माझ्या जाहिरातींत दाखवून दिला. तासाभरांत मी व भाचा दोघेही बाहेर झालों.

एवढ्याशा गोष्टीसाठीं एवढी शिक्षा, असें मला त्या वेळीं वाटलें. परंतु बियाण्याच्या बाबतींत मराठवाड्यांतील शेतकरी हळवा कां झाला आहे, हें मीं ध्यानांत घेतलें नव्हतें. २०२० च्या खरिपांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इकडे इतक्या झाल्या कीं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास आपण होऊन त्यांची दखल घ्यावी लागली. दुबार पेरणी म्हणजे बियाणें, खत आणि मजुरी हीं दुसऱ्यांदां तर लागतातच, शिवाय हंगामाचे आठपंधरा दिवस हातचे जातात, ते कोणत्याही भरपाईनें परत येत नाहींत. ज्या शिवारानें तें वर्ष पाहिलें, तेथें "उत्तम उगवलें असें ऐकतों" हें खोटें वाक्य लिहिणें म्हणजे चेष्टा नव्हे.

नुकसान झालें तें पुढें. त्याच आठवड्यांत कालव्याची उन्हाळ्यांतील शेवटची पाळी होती. आमच्या चारीवर पाणी केव्हां सुटणार, हें पाटकऱ्यास विचारून कोणीतरी नेहमीं ग्रुपांत टाकतो. मी लग्नकार्यासाठीं जालन्यास गेलों होतों. पाणी अंदाजापेक्षां दोन दिवस अगोदर सुटलें, माझी पाळी निघून गेली, आणि परत येऊन पाहतों तों अंबे बहाराचीं लिंबाएवढीं झालेलीं फळें झाडाखालीं सडा घातल्यासारखीं पडलेलीं. विहिरीचें पाणी दिलें, पण तें कितीसें पुरणार! शेजाऱ्यास म्हटलें, "अहो, एक फोन तरी करायचा!" तो म्हणाला, "आम्हांला वाटलं, तुम्ही ग्रुपांत वाचलं असेल."

चार दिवसांनीं मी गुरुजींच्या घरीं गेलों. त्यांनीं चहा दिला, बागेची चौकशी केली. मग म्हणाले, "दादा, तुमचं बियाणं वाईट होतं असं मी म्हणत नाहीं. तुम्ही भाच्याच्या तोंडून बोललांत, तें वाईट."

मीं म्हटलें, "नियमच असा केला आहे कीं उघड बोलतां येत नाहीं."

"तुम्ही मला विचारलंत का?"

खरोखरच मीं विचारलें नव्हतें. नियम मोडण्याच्या दहा युक्त्या मीं योजिल्या, पण नियम करणारा मनुष्य हाकेच्या अंतरावर राहतो, त्यास विचारावें, ही साधी गोष्ट मला सुचली नाहीं. गुरुजींनीं पुढें जें सांगितलें त्यावरून माझ्या ध्यानांत आलें कीं, ग्रुप म्हणजे बाजार नव्हे. तो दुसऱ्या कामासाठीं जमलेला समाज आहे. तेथें जीं माणसें आहेत तीं पाण्याची पाळी, किडीचें औषध, पावसाचा अंदाज यांसाठीं आलेलीं आहेत. त्यांचें लक्ष ही त्यांची मालमत्ता होय. प्रत्येक जाहिरात तें लक्ष थोडें थोडें खर्च करते. दहा जणांनीं आपापला माल टाकला कीं लोक ग्रुप उघडणेंच सोडतात, आणि मग पाण्याचा निरोपही कोणी वाचीत नाहीं. माझ्यासारखे पांचपंचवीस जण मोकाट सुटले असते, तर त्या चारीवर माझ्या एकट्याचीच नव्हे तर साऱ्यांच्या बागा गळाल्या असत्या.

ग्रुप चालविणाराचें काम आपण फार हलकें लेखतों. एका ग्रुपांत आज १,०२४ माणसें घेतां येतात. वाटेल त्याचा मेसेज सर्वांसाठीं पुसून टाकण्याचा अधिकार ॲडमिनास २०२२ पासून मिळालेला आहे. फक्त ॲडमिनानेंच लिहावें असें कुलूपही त्यास घालतां येतें. सभासदानें कांहीं आक्षेपार्ह लिहिलें तर केवळ ॲडमिन आहे एवढ्यावरून त्यास गुन्हेगार धरतां येणार नाहीं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२१ सालीं दिला आहे. पण कायद्याची जबाबदारी नसली तरी लोकलज्जेची असते. रात्रीं अकरा वाजतां कोणी औषधाची जाहिरात टाकली, तर सकाळीं शिव्या गुरुजींसच. या कामाचा त्यांस एक पैसाही मिळत नाहीं.

आमचें बोलणें झाल्यावर गुरुजींनीं चार जाणत्या सभासदांस विचारून असें ठरविलें कीं, आठवड्यांतून एक दिवस, सायंकाळीं सहा ते आठ, ज्याने त्याने स्वतःच्या शेतांत पिकलेला माल स्वतःच्या नांवानें सांगावा. एका मालासाठीं एकच मेसेज. दुसऱ्याचा माल दलालीवर सांगूं नये. मला परत घेतलें. त्यानंतर मीं जी जाहिरात लिहिली ती कोणास उपयोगी पडेल म्हणून येथें देतों :

"मी स्वतः विकणार आहें. परभणी विद्यापीठाचें एमएयूएस ६१२ हें सोयाबीन, गेल्या खरिपांतील, स्वतःच्या शेतांतील, अठरा क्विंटल आहे. मळणी कमी वेगानें केली. पोतीं लाकडी फळ्यांवर ठेविलीं. घरीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून पाहिले, ८१ उगवले. दर किलोस ७५ रुपये. शेतावर येऊन, माल पाहून, स्वतःच्या पोत्यांत न्यावा. नेल्यावर पेरण्यापूर्वी आपणही शंभर दाण्यांची परीक्षा करावी. सत्तरांच्या खालीं उगवल्यास आठ दिवसांच्या आंत माल परत घेईन."

यांत एकही वाक्य शोभेचें नाहीं. "मी स्वतः विकणार आहें" हें पहिलें वाक्य गुरुजींनीं घालावयास लाविलें. सत्तराचा आंकडा मीं मनानें काढलेला नाहीं. सोयाबीनच्या बियाण्यास किमान ७० टक्के उगवण असावी असें प्रमाण ठरलेलें आहे, आणि एकरीं तीस किलोचा हिशेब त्याच धोरणानें करतात. ८१ हा आंकडा "शंभर टक्के" यापेक्षां दिसावयास लहान आहे खरा, परंतु विचारावयास आलेल्या माणसांपैकीं बहुतेकांनीं सांगितलें कीं, हा आंकडा वाचूनच आम्ही आलों.

"शेतावर येऊन, स्वतःच्या पोत्यांत न्यावा" या शब्दांचें कारण कायद्यांत आहे. बियाण्याच्या १९६६ सालच्या कायद्यानें अधिसूचित वाणाच्या विक्रीस लेबल व उगवणशक्ति यांचे निर्बंध घातले; मात्र जो शेतकरी स्वतः पिकविलेलें बियाणें स्वतःच्या जागेवर, पेरणाऱ्यासच थेट देतो, त्यास त्यांतून मोकळें ठेविलें. म्हणजे माल एस्. टी. च्या पार्सलनें परगांवीं धाडावा, किंवा दुकानांत ठेवावा, तर ही सवलत सुटते. आणि बियाण्याचा व्यापार म्हटला कीं १९८३ च्या नियंत्रण आदेशाप्रमाणें परवाना आला. दुसरा कायदा २००१ चा, पीक वाणांच्या संरक्षणाचा व शेतकऱ्यांच्या हक्कांचा. त्यानें संरक्षित वाणाचें बियाणेंसुद्धां राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचा हक्क शेतकऱ्यास दिला. अट इतकीच कीं, तें पिशवींत भरून, त्या वाणाचें नांव छापून, ब्रँडचें म्हणून विकूं नये. आपल्यांतील कांहीं उत्साही तरुण सुबक पिशव्या छापून घेतात व त्यांचे फोटो ग्रुपांत झळकावितात. त्यांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. नियम बदलत असतात, म्हणून हंगामापूर्वी तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्यास एकदां विचारलेलें बरें. चोर बीटीच्या पाकिटांविषयीं मी लिहीतही नाहीं. त्यास ग्रुपांत जागा देणारा ॲडमिन स्वतःच्या गळ्यांत दोरी अडकवून घेतो.

त्या जाहिरातीवर अकरा क्विंटल माल गेला. त्यांत एक तक्रारही आली, आणि तीही ग्रुपांत, सर्वांसमक्ष : "यांचं बियाणं उगवलं नाही." पूर्वीचा मी असतों तर त्या गृहस्थास एकीकडे फोन करून "तें पुसून टाका" म्हणालों असतों. या वेळीं तेथेंच लिहिलें कीं, उद्यां सकाळीं येऊन पाहतों. गेलों, माती उकरून पाहिली. पेरणी बोटाच्या दोन पेरांहून खोल पडली होती, आणि वर पावसानें धरलेली पापडी होती. दाणा आंत फुटून कुजलेला. दोष बियाण्याचा नव्हता, हें त्यांनींही कबूल केलें. तरी अर्ध्या एकरापुरतें बियाणें मीं तसेंच दिलें, आणि काय पाहिलें तें फोटोसह ग्रुपांत लिहिलें. त्या मेसेजाखालीं खोल पेरणीविषयीं जी चर्चा झाली ती दोन दिवस चालली. गुरुजींनीं ती नियमाबाहेरची मानली नाहीं.

आतां मोसंबीकडे वळूं. जुलै २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला यांची बाजार समितीच्या आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त केली. त्यामुळें शहरांतील गिऱ्हाइकास थेट फळ देण्यास कायद्याची आडकाठी राहिली नाहीं. अडचण आहे ती ओळखीची. माझे मेहुणे छत्रपती संभाजीनगरास एका मोठ्या वसाहतींत राहतात. त्या वसाहतीचा ग्रुप रहिवाश्यांचा. मी रहिवासी नाहीं. पहिल्यांदां मनांत आलें कीं मेहुण्यांकडून चार शब्द स्तुतीचे लिहवून घ्यावेत. पण भाच्याचें प्रकरण ताजें होतें! शिवाय ग्राहक व्यवहार खात्यानें जून २०२२ मध्यें जाहिरातींविषयीं ज्या सूचना काढल्या, त्यांत असें स्पष्ट म्हटलें आहे कीं, मालाची शिफारस करणारा व माल विकणारा यांच्यांत कांहीं संबंध असेल तर तो उघड करावा. हे नियम मोठमोठ्या नटनट्यांसाठीं आहेत असा समज असेल तर तो सोडावा. भाच्याची युक्ति आणि त्यांची युक्ति यांत फरक फक्त मानधनाचा आहे. मेहुण्यांनीं आधीं वसाहतीच्या चिटणीसांची परवानगी घेतली आणि असें लिहिलें : "हे आमचे दाजी आहेत. मला यांत दोन किलो मोसंबी फुकट मिळते, बाकी कांहीं नाहीं. ज्यांस हवी त्यांनीं मागणी कळवावी." लोक हसले, आणि पहिल्याच दिवशीं दोनशें किलोंची मागणी आली.

फळ पोंचलें तेव्हां निराळाच प्रश्न उभा राहिला. भाद्रपद-आश्विनांत उतरणाऱ्या अंबे बहाराच्या मोसंबीची साल पुष्कळदां हिरवट असते; साल पिवळी होण्यास रात्रीं थंडी पडावी लागते, ती तोंवर पडलेली नसते. शहरांतल्या गिऱ्हाइकास वाटलें कीं कच्चें फळ दिलें. मीं तेव्हां झाडावरील फळाचा व कापलेल्या फळाचा फोटो घालून चार ओळी लिहिल्या : साल हिरवी कां, हातांत जड लागणारें फळ रसाळ कसें ओळखावें, प्लास्टिकच्या पिशवींत कां कोंडूं नये. यांत विकत घ्या असें कोठेंही नव्हतें. दुसऱ्या खेपेची मागणी त्या चार ओळींनीं आणली.

हा शोध माझा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते असें म्हणून शेतकरी तो हातीं धरीनात; पहिले नांगर खपावयास फार दिवस लागले. पुढें १९२० सालीं किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघूं लागलें. तें कारखान्याचेंच पत्र होतें, आणि तें तसें आहे हें नांवावरूनच कळे. परंतु शंकरराव किर्लोस्करांनीं त्यांत वाचण्यासारखा मजकूर इतका घातला कीं पुढें तें मराठींतील एक नामांकित मासिक झालें. ज्यानें आधीं कांहीं दिलें, त्याचा माल लोक ऐकून घेतात. नुसत्या दराचा फलक रोज सकाळीं "शुभ प्रभात" बरोबर टाकणारास हें कोण सांगणार?

फायद्याचा हिशेबही खरा सांगावा हें बरें. पहिल्या खेपेस टेंपोचें भाडें, खोकीं, निवडणावळ वजा जातां व्यापाऱ्याच्या भावापेक्षां फारसें अधिक उरलें नाहीं. दुसऱ्या व तिसऱ्या खेपेस बरें उरलें. तरीही बागेंतील बहुतेक माल पाचोडसच गेला. बारीक व डागी फळ वसाहतींतील कोणी घेणार नाहीं, तें व्यापारी घेतो. सर्व माल ग्रुपावर विकूं असें स्वप्न कोणीं पाहूं नये. मात्र शंभर घरें आपणांस नांवानें ओळखतात, याचा उपयोग व्यापाऱ्याशीं भाव बोलतांना होतो, हा माझा अनुभव आहे.

आतां शब्दांविषयीं थोडेंसें. जाहिरात लिहितांना आपला हात सैल सुटतो, आणि तेथेंच फसगत होते. अमुक गहूं मधुमेह घालवितो, अमुक गूळ रक्त शुद्ध करतो, असले मेसेज रोज येतात. खाद्यपदार्थाविषयीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यांत दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. रोग बरा करण्याचा दावा तर करतांच येत नाहीं. शेतावरील फळ तसेंच विकणें निराळें. पण लोणचें, मुरंबा, सरबत करून विकूं लागलों कीं अन्न परवान्याच्या खात्याकडे नोंदणी करून चौदा आंकड्यांचा नंबर घ्यावा लागतो व तो जाहिरातींत दिला म्हणजे विश्वासही वाढतो. "सेंद्रिय" हा शब्दही असाच जपून वापरावा. दोन वर्षें शेणखत घातलें एवढ्यावर 'जैविक भारत' ची खूण फोटोवर चिकटवितां येत नाहीं. ती प्रमाणपत्र मिळालेल्या मालाची आहे. काय घातलें आणि काय फवारलें तें सरळ सांगावें. मीं माझ्या मोसंबीविषयीं लिहितांना किती फवारण्या केल्या व शेवटची केव्हां केली तें लिहितों. त्यावर अद्याप कोणीं नाक मुरडलें नाहीं.

"जालना मोसंबी" या नांवास भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. परंतु भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा असें सांगतो कीं, तें मानांकन आपल्या मालावर लावावयाचें तर उत्पादकानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी. जिल्ह्यांत बाग आहे म्हणून खूण आपोआप आपली होत नाहीं. ही नोंद पुष्कळांनीं केलेली नाहीं. मीही आतांच कागदपत्रें जमवीत आहें. तोंवर "अंबड तालुक्यांतील माझ्या बागेची मोसंबी" एवढेंच लिहितों, आणि तें पुरतें.

कांहीं किरकोळ गोष्टी राहिल्या. दुसऱ्याच्या बागेचा सुंदर फोटो आपला म्हणून टाकूं नये. फळ पोंचल्यावर तें उघडें पडतेंच. एका ग्रुपांतील नंबर उचलून, न विचारतां, आपल्या विक्रीच्या ग्रुपांत माणसें कोंबूं नयेत. सरकारी कचेरींत नांव-नंबर मागितले तर आपण कुरकुरतों आणि येथें स्वतः तेंच करतों. त्यापेक्षां व्हॉट्सॲपांत ब्रॉडकास्टची जी यादी करतां येते ती बरी : तींत २५६ नांवें बसतात, आणि ज्यानें आपला नंबर स्वतःच्या फोनांत जपून ठेविला आहे त्यालाच निरोप पोंचतो. त्यानें नंबर ठेविला हीच त्याची परवानगी. बैलजोडी किंवा गाय विकावयाची असेल तर एक ध्यानांत असावें कीं, फेसबुकावर जो खरेदीविक्रीचा विभाग आहे तेथें जनावरें विकण्यास त्या कंपनीची मनाई आहे. जाहिरात काढून टाकली म्हणून कोणावर रुसण्यांत अर्थ नाहीं. जनावर विकण्यास आठवडी बाजार अजून तरी उत्तम; तेथें दांत मोजतां येतात.

यंदाच्या ज्येष्ठासाठीं गुरुजींनीं आणखी एक व्यवस्था केली आहे. ज्यास ग्रुपांत सोयाबीनचें बियाणें सांगावयाचें असेल त्यानें आठ दिवस आधीं दोनशें दाणे त्यांच्या ओसरीवर आणून द्यावेत. शंभर ते स्वतः गोणपाटांत घालतील, शंभर पुडींत बांधून, नांव लिहून, हंगाम संपेपर्यंत ठेवतील, म्हणजे पुढें वाद निघाल्यास दाखवावयास होतील. आतांपर्यंत सात जणांच्या पुड्या जमा झाल्या आहेत. त्यांतील एक माझी आहे. भाच्याचा अर्ज मात्र गुरुजींपुढें अद्याप पडून आहे.